मूठ उघडेपर्यंत

रघुनाथ सरांना जाऊन सहा आठवडे झाले. ती बातमी मला कुणी कळवली नाही; मी त्यांच्या समोरच बसले होते.

सरांची उमेदीची वर्षं खलनायक रंगवण्यात गेली. पुढे ते दिग्दर्शनाकडे वळले आणि आपल्या चित्रपटांत कामही करत राहिले. बेडशाच्या लेण्यांत त्यांच्या शूटिंगच्या गर्दीत उभी राहायला मी परंदवडीहून गेले, तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते, आमच्या घरातली पहिलीच. शॉट सुरू होणार, एवढ्यात सरांच्या डाव्या मनगटावर घड्याळ दिसलं आणि मला राहवलं नाही. "सर, काल घड्याळ उजव्या हातात हुतं." ते थबकले, सहाय्यकांकडे वळले. "आणि तुम्ही काय नुसता चहा प्यायला येता का रे?" दुसऱ्या दिवसापासून, अशा चुका टिपायला, माझी खुर्ची कॅमेऱ्याजवळ. त्या खुर्चीने मला माणसांत आणलं.

ते स्वतः अभिनय करत, तेव्हा 'कट' मी म्हणायचं. शॉट सुरू होताना ते डावी मूठ मिटत. ती उघडली की कट. तोवर काहीही झालं तरी गप्प.

शेवटच्या चित्रपटात ते म्हाताऱ्या शिक्षकाची भूमिका करत होते. बेडशाच्याच लेण्यांच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या त्याचा प्राण जातो. सरांची मान कलली, छाती हलेना, मूठ मिटलेलीच. मी ओरडले, "कट!"

त्यांनी डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

"लय भ्या वाटलं, सर."

"अगं, नीट मरू तरी दे!" सगळे हसले. नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. मूठ बघ."

पंधरा दिवसांनी त्यांच्या लोणावळ्याच्या बंगल्यात, दुपारी, त्याच प्रसंगाची तालीम चालली होती. माझ्या 'कट'मुळे तो पुन्हा चित्रित करायचा होता. समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचत होते. मूठ मिटली. मान कलली. मी मूठच बघत राहिले... त्यांच्या पत्नी मालतीताई आत आल्या. "अगं, हे असे काय बसलेत?" मी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

डॉक्टर म्हणाले, लगेचच गेले असावेत. ताईही मला तेच समजावतात. पण किती मिनिटं गेली, हे मी सांगू शकत नाही. घड्याळामुळे जिला काम मिळालं, तिने घड्याळ पाहिलंच नव्हतं. आता आई दुपारी जरा पडली, तरी मी तिला हलवून बघते. "जित्ती हाय मी, निजू दे की गं!" ती चिडते.

पुन्हा चित्रण झालंच नाही, म्हणून बेडशाचाच शॉट ठेवायचा आहे. संकलक रोज विचारतो, "कुठे तोडू?" पडद्यावर मिटलेली मूठ दिसते. माझा घाबरलेला आवाज येतो, आणि सर डोळे उघडतात.

उद्या सांगते, म्हणते मी. आणि पुन्हा एकदा लावायला सांगते.