माशाच्या पोटातला हुक

छत बघून घर विकत घेणारी शहाणी मीच. चाळिशीची घोडी होते, तरी गोव्यातल्या मये गावातल्या त्या गोल घराच्या लाकडी छतावर एका नामवंत चित्रकाराने रंगवलेले मासे पाहिले आणि भाळले. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, हे कपाट आणल्यावर कळलं. छताचे फोटो काढायला येणारे लोक तर सरळ स्वयंपाकघरात शिरत.

माझा शेजारी खाणीवर ट्रक चालवायचा. आत आला की टायर तपासावा तशी भिंत ठोकून बघायचा. काहीही विचारा, उत्तर एकच, तेही दोनदा: "बघूया, बघूया."

पहिली चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळांची माटोळी टांगायची, तर घरात तुळई नाही. छताला हुक मारायचं म्हटलं, तर फोटोवाले ओरडले, "बाई, हा कलेचा ठेवा आहे!" आणि मी येडी म्हणाले, "बरं, यंदा माटोळी नको."

शेजाऱ्याने ते ऐकलं. या वेळी "बघूया" नाही. शिडी लावली आणि सगळ्यांच्या देखत एका माशाच्या पोटात हुक ठोकला. मग मीही पदर खोचला, पुढचा हुक त्याच्या हातात दिला. "मारा, भाऊ!"

सुपारीचे घोस, तोरंजन, आंबाडे लटकले, मासे झाकले. ते हुक अजून तिथेच आहेत, कुणी काढून दाखवावेत!

शिडी उतरून तो म्हणाला, "वयनी, आता हेका घर म्हणाक हरकत नाय. आजवर ह्यां नुसतो फोटो होतो."