मठातली बिअर आणि आडवी बाटली

मला कडक बिअर आवडते. हे वाक्य मी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकदाच मोठ्यानं बोलले आहे, आणि तेही गावच्या पारावर, हातात माईक असताना. कसं ते सांगते. पण आधी बिअरबद्दल बोलू द्या, कारण या विषयावर मला कुणी बोलूच देत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. कनेरगाव नाक्यावरून आत जायचं, काळीपिवळी मिळाली तर मिळाली, असं आमचं गाव. पन्नाशीपर्यंत उसाच्या रसापलीकडं मी काही प्यायले नव्हते. मग लेकीला कंपनीनं बेल्जियमला पाठवलं आणि सुट्टीला ती आली ती लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन.

"आई, ही बिअर आहे. तिकडं मठातले साधू करतात."

आमचे हे कृषी सहायक. साधुसंतांबद्दल त्यांना भारी आदर. ते म्हणाले, "आपल्या मठात बुंदी मिळते. ह्यांचं बरं आहे."

पहिली उघडली ती सोनेरी. तिला ट्रिपल म्हणतात. नाकाजवळ नेली तर वसमतच्या बाजारात केळी पिकत घातलेल्या खोलीचा वास, आणि मागून लवंग. बाटलीवर अल्कोहोल साडेनऊ टक्के लिहिलेलं. टक्केवारीवर आयुष्यभर पोरांचे कान पिळले, पण साडेनऊ टक्के म्हणजे किती हे मला त्या दुपारी समजलं. अर्धा पेला झाला आणि आमच्या ह्यांच्या मिशा फार देखण्या दिसायला लागल्या. मी तसं बोलूनही दाखवलं. लेक उठून गच्चीवर गेली.

त्यानंतर लेक जेव्हा जेव्हा आली तेव्हा काही ना काही आणत गेली, आणि मी शिकत गेले. इम्पीरियल स्टाउट म्हणून एक असते, काळी कुळकुळीत, वर तपकिरी फेस. गुऱ्हाळातल्या कढईच्या तळाला लागलेली काकवी आणि कॉफी एकत्र केली तर जे होईल ते. बार्लीवाइन नावाला वाइन, पण असते जवाचीच. ती थंडीत प्यावी, खजूर खाल्ल्यासारखी वाटते आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. डबल आयपीए मात्र कडू. मला ती आवडते, कारल्याची भाजी आवडणाऱ्या कुणालाही आवडेल. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "पाडव्याचा कडुनिंब आत्ताच झाला म्हणायचा."

पण माझा जीव जडला तो क्वाडवर, तीही मठातलीच. गडद तांबूस, दहा टक्क्यांच्या वर, जुना गूळ, अंजीर आणि भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा. मोठी जाड काचेची बाटली, तिला बूच, बुचावर तार. कुणी मला विचारलं की एकच प्यायची असेल तर कुठली, तर मी डोळे मिटून क्वाड सांगेन. विचारत मात्र कुणी नाही.

ही बिअर पाण्यासारखी ढोसायची नसते. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, माठातल्या पाण्याइतकी गार पुरे. पेला पसरट हवा. माझ्याकडं आइस्क्रीमचे काचेचे कप होते, त्यांचं भाग्य उजळलं. पोटात भाकरी असावी, सोबत शेंगदाण्याची चटणी असावी, आणि एक बाटली दोघांत मिळून दुपारभर पुरवावी. शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणून आमचा मुहूर्त शनिवारी दुपारी, दार लावून.

अशाच एका शनिवारी क्वाड उघडली. बूच असं उडालं की थेट पंख्याला लागलं. आम्ही दोघं हसत सुटलो. पहिला कप संपला, दुसरा भरला, आणि दारावर थापा.

"मॅडम! काय फुटलं वो?"

बचत गटाच्या सात-आठ जणी होत्या. ह्यांनी बाटली उचलली, इकडं पळाले, तिकडं पळाले, शेवटी ज्वारीच्या कोठीमागं ठेवली आणि दार उघडून म्हणाले, "कुकर." एवढं बोलून ते मागच्या दारानं शेतावर गेले. सुट्टीच्या दिवशी शेतावर जायची त्यांची ही पहिलीच वेळ.

बायकांच्या पुढं होती आमची गिरणीवाली. गावाचं दळण तीच दळते. नवरा देशी दारूच्या दुकानाच्या पायरीवर बसून बसून संपला, त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन लेकरं तिनं एकटीनं गिरणीच्या पट्ट्यावर वाढवली. ते दुकान सरकारमान्य, अगदी शाळेच्या वाटेवर.

"मॅडम, बाटली आडवी करायची हाय," ती म्हणाली. "तुमी पुढं पायजे. तुमचं बोलणं लोक आयकतेत."

ज्यांच्या गावात हे झालं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीलाच मत.

दुसरा कप नुकताच पोटात उतरत होता. मला त्या सगळ्या जणी इतक्या आवडल्या, इतक्या आवडल्या की काय सांगू. मी गिरणीवालीला मिठीच मारली. "करू! आडवी करू! पार झोपवून टाकू!" मी ओरडले. पोरींना कवायत शिकवावी तशा मी घोषणा म्हणून घेतल्या. बायका खूश होऊन गेल्या. मॅडमच्या अंगात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी डोकं ठिकाणावर आलं. "बाहेर आडवी आणि घरात उभी," हे म्हणाले, आणि हसून हसून खाटेवरून पडायचे बाकी राहिले. मला मात्र मनात खटकत नव्हतं. माझ्या कपानं कुणाची चूल विझली नव्हती. त्या दुकानानं किती विझवल्या ते मी हजेरी घेताना रोज बघत होते.

मग महिनाभर नुसती धमाल. घरोघर फिरलो, हळदीच्या ढिगांवर बसून सभा घेतल्या, सासवांना सुनांसमोर आणि सुनांना सासवांसमोर वचनं द्यायला लावली. सुनांच्या उखाण्यांत नवऱ्याच्या आधी आडवी बाटली यायला लागली. मतदानाला चार दिवस उरले आणि माशी शिंकली.

मोबाईलवर एक फोटो गावभर फिरला. गिरणीवालीच्या घरातली फळी, फळीवर माझ्या क्वाडची बाटली. खाली लिहिलेलं, "दारूबंदीवालीच्या घरी विलायती बाटली." त्या बाटलीत ती करडीचं तेल भरत होती. आमच्या अंगणात रिकामी पडलेली तिला दिसली, छान वाटली म्हणून तिनं मागितली, आमच्या ह्यांनी दिली. एवढीच गोष्ट. पण गावाला तेल कशाला दिसतंय? बायका कुजबुजायला लागल्या, दोन गल्ल्या तर फिरल्याच. "हीच रातच्याला पेत असंल," इथवर बोलणं गेलं.

ती माझ्याकडं आली. केसांत पीठ तसंच.

"मॅडम, काय होतं त्या बाटलीत?"

"बिअर. कडक."

"पेली कोण?"

"मी."

मग तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. पण हसू ओसरल्यावर म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. तुमची नौकरी हाय. मी सांगते, उकिरड्यावर घावली म्हणून. माझी तं बदनामी झालीच हाय."

मला असा राग आला! तिचा नाही, स्वतःचाही नाही, त्या फोटोचा. ज्या बाईनं थेंबाला हात लावला नाही तिनं माझ्या वाटची बोलणी खायची, आणि वर ते दुकानही तसंच राहायचं? रात्री हे म्हणाले, "विचार कर." मी म्हणाले, "केला." ते म्हणाले, "मग मीही येतो."

दुसऱ्या दिवशी पारावर शेवटची सभा होती. एकदा माईक हातात आला की मी शिक्षिका असते. म्हणाले, "ती बाटली माझी आहे. त्यात बिअर होती. मला कडक बिअर आवडते. ती मी माझ्या घरात, माझ्या नवऱ्याबरोबर प्यायले. गिरणीवाल्या ताईंनी त्यात फक्त तेल भरलं."

दुकानाच्या बाजूची माणसं मागं उभी होती, त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली.

"मॅडम, पेल्यावर नवऱ्याला मारता का?"

"नाही."

सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"पगार उडवता?"

"नाही."

"साळंत पिऊन येता?"

"नाही, आजी."

"मंग बसा खाली. काहून टाइम खाऊन राहिल्या? पुढचं बोला."

आधी एक हसली, मग दुसरी, आणि मग अख्खा पार हसायला लागला. मी खाली बसले ती तोंड झाकूनच, कारण मलाही हसू आवरेना. गिरणीवालीनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की अजून आठवतो.

मतदानाला बायका नटून आल्या. बाळंतिणी आल्या, काठ्या टेकत म्हाताऱ्या आल्या, पुसेगावला दिलेल्या पण यादीत अजून नाव असलेल्या लेकी जीप करून आल्या. बाटली आडवी झाली. कुलूप लागलं तेव्हा कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि म्हातारीनं काठी टाकून फुगडी घातली.

पुढच्या महिन्यात लेक आली, नवी क्वाड घेऊन. त्या शनिवारी दुपारी आम्ही दार लावलंच नाही. गिरणी बंद करून गिरणीवाली आली, पाय धुतले, पाटावर बसली.

"मला बी चाखायची," म्हणाली. "माझ्या मालकाला किती डाव इचारलं, काय हाय वो त्याच्यात, की घरदार इसरावं? कधी सांगितलं न्हाई त्यांनी. म्हणलं, एकदा आपुनच बघावं."

मी माझ्याकडची सगळ्यात चांगली बिअर तिच्यासाठी कपात ओतली. खरं सांगते, ती तिला आवडावी असं मला फार वाटत होतं. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. थोडा वेळ कपाकडं बघितलं आणि दुसरा घोट घेतला.

"चांगली हाय, मॅडम," ती म्हणाली. "लई चांगली हाय. पण एवढी न्हाई."