ड्रममधलं पाणी जातं कुठं

दिपाली आज कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, पण बजाजनगरातल्या त्या निळ्या ड्रमचा विषय निघाला की बाईंचा तास गेलाच म्हणून समजा.

सोळा सालचा दुष्काळ. पाचोडची दिपाली मामाकडं राहून विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. बजाजनगरात तेव्हा मजल्यावर मजले चढत होते, पाण्याचा मात्र पत्ता नाही. टँकर आला की मल्हारमामा गच्चीवरचा ड्रम भरायचे, वर पोतं टाकायचे आणि बजावायचे, "पुढचा टँकर येईस्तोवर ह्याला कुणी हात लावायचा नाय."

दमयंती मॅडमनी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. तिथं त्या असे प्रश्न टाकायच्या की सगळी पुस्तकं पालथी घातली तरी उत्तर सापडू नये. वर दंडक असा, की आधीच्याचा तर्क खोडल्याशिवाय आपला मांडायचा नाही. पोरं कसली खोडतायत! पहिल्यानं काही लिहिलं की बाकीचे "सहमत" टाकून मोकळे. मॅडम जाम वैतागल्या. म्हणाल्या, "आता प्रश्न तुम्हीच टाका. ज्याच्या प्रश्नावर खरी चर्चा होईल, त्याला माझ्या पाण्याच्या प्रकल्पात घेईन." दिपालीनं कान टवकारले. प्रकल्प मिळाला तर इथंच पुढं शिकता येणार होतं. नाहीतर पाचोडला परत, आणि तिथं वडील स्थळं बघून बसलेले.

तिनं धीर करून लिहिलं, "न वापरलेल्या ड्रममधलं पाणी रोज चार बोटं कमी होतं. का?"

झालं, ग्रुप पेटला. क्रांती चौकातला हिमांशू म्हणाला, उन्हानं वाफ होते. मृण्मयीनं त्याला झटकलं: पोत्याखालून एवढी वाफ कशी होईल? पोत्याची कड पाण्यात बुडत असेल, पोतंच पाणी ओढत असेल. दिपालीनं कड वर खोचली, तरी चार बोटं गेलीच. मग कुणी ड्रमला बारीक चीर असेल म्हणालं. मॅडमनी लिहिलं, "लई छान चाललंय." दिपालीचे पाय जमिनीवर नव्हते.

चीर शोधायला ती भरदुपारी गच्चीवर गेली. सुगंधामामी ड्रममधून कळशी भरून कठड्यावरून शेजारच्या भामाबाईच्या हाती देत होती.

"मामाला बोलू नको गं," मामी म्हणाली. "भामाबाईची लेक बाळंतीण हाय. बाळाचे कपडे कशात धुवायचे?"

दिपाली फोन घेऊन जिन्यात आली. सांगितलं तर प्रश्नातली हवाच जाणार, प्रकल्पही जाणार. गप्प बसावं, तर तिकडं पोरं जीव तोडून चीर शोधतायत. तिला रडूच आलं. मग तिनं लिहिलं, "माफ करा. पाणी उडत नव्हतं. मामी शेजारी देत होती. मी घरात कुणाला विचारलंच नव्हतं."

 पहिल्यांदा हिमांशूनं लिहिलं, "आमची आई पण देते. बाबांना माहीत नाही." मग मृण्मयीची आजी निघाली, कुणाची काकू निघाली. शेवटी मॅडमनी विचारलं, "असं किती पाणी शहरात फिरतं? मोजाल कसं?" तोच पुढं प्रकल्पाचा विषय झाला, आणि त्यात पहिलं नाव दिपालीचं. नेमकं उत्तर अजून कुणाला आलेलं नाही.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गच्चीवर आणखी मजला चढला. दिपाली मात्र दरवर्षी नव्या पोरांच्या ग्रुपवर ड्रमचा प्रश्न टाकते. पोरं ऊन, वारा, चीर असं सगळं लिहितात, आणि वाचता वाचता तिला मामीची फार आठवण येते.

यंदा एका मुलीनं लिहिलं, "मॅडम, घरात कोण कोण होतं?"

दिपालीनं उत्तर लिहायला घेतलं, आणि सगळ्यात आधी लिहिलं, "मामी."