दवाखान्यात न आलेली माणसं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेशंट तपासत होतो. पालमच्या एसटीत, खिडकीशी बसल्या बसल्याच त्याचं हृदय थांबलं होतं. कंडक्टरला वाटलं, डुलकी लागली असेल... सहा आठवडे झाले त्याला.

परभणीत त्याचा दातांचा दवाखाना आणि दोन गल्ल्या सोडून माझा, त्वचारोगाचा. संध्याकाळी चहाला येऊन नकला करणारा हा माणूस रुक्मिणबाईनंतर गप्प झाला. ती पोखर्णीकडच्या एका मेंढपाळ घरातली. तोंडात सारखे फोड यायचे, फुटायचे आणि खालची जागा सोलल्यासारखी राहायची. घरचे म्हणत, उष्णता हाय. दिगंबरनंही तोंड आलंय असं समजून आठ महिने मलम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. मग फोड पाठीवर उठले. मुलानं तिला माझ्याकडे आणलं तेव्हा घोंगडी पाठीला चिकटलेली होती. हा पेम्फिगस, शरीर आपल्याच कातडीवर उलटतं तो आजार. वेळेत ओळखला तर बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात राहतो. तिची वेळ टळून गेली होती. दिगंबर तिच्या मातीला गेला, तेव्हा तिचा मुलगा त्याला एवढंच म्हणाला, "लय दिस उपाशीच व्हती ओ ती. भाकर गिळायलाच येईना."

त्यानंतर दर शनिवारी दवाखाना बंद ठेवून तो गावोगाव फिरू लागला. देवळापाशी बसून बायकांना विचारायचा, तिखट झोंबतं का, फोड किती दिवस राहतात... लोकांना वाटे, दंतमंजन विकायला आलाय. एकदा मी चिडून म्हणालो की इतक्या दुर्मीळ आजारासाठी कशाला जिवाचं रान करतोस. तो शांतपणे म्हणाला, "दुर्मीळ आहे हे कशावरून? दवाखान्यात येतात तेवढेच आपण मोजतो. बाकीचे आजारी नाहीतच, असं धरतो." त्यानं शोधलेले रुग्ण अधूनमधून येत राहिले. त्यातली पालमची गयाबाई आता ज्वारीची भाकर खाते.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याची वही माझ्याकडे दिली. नाव, गाव, फोड कधीपासून, आणि शेवटचा रकाना : 'आधी कोणाच्या नजरेतून सुटलं'. रुक्मिणबाईपुढे त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्याखाली सगळा रकाना कोरा. गयाबाईचं नाव असलेल्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर माझं. 'अंगावर काही नाही, दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.' तारीख रुक्मिणबाई गेल्यानंतरची... ती तेव्हा माझ्याकडे येऊन गेल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. दोन मिनिटांत परत पाठवली असणार. आणि ती दातांच्या डॉक्टरकडे गेलीच नाही. डॉक्टरच तिच्या गावी पोचला, पाच महिन्यांनी.

ही चिठ्ठी टाचल्यावरही तो रोज माझ्यासमोर चहा पीत बसत होता. त्या चिठ्ठीबद्दल एका शब्दानं बोलला नाही.

मी पेन काढलं आणि गयाबाईपुढच्या त्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं.