गाडीवर होते का?

दुपारचं जेवण झालं, हात धुतले, सुपारी कातरून तोंडात टाकली आणि खाटेवर आडवे झाले. चहाच्या वेळी उठवायला गेले, तर उठलेच नाहीत. माझे पती शामराव गेले ते असे. नागपूरला आमच्या मुलीला, मंजूला, मीच फोन केला. "बाबा गेले" एवढंच कसंबसं म्हटलं. पलीकडून तिनं आधी विचारलं, "गाडीवर होते का?" मी म्हटलं, "नाही गं. खाटेवर. झोपेतच." तेव्हा कुठे ती रडायला लागली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत जो फोन आला त्यात हाच प्रश्न. माझ्या भावानं विचारलं, तुमसरच्या नणंदेनं विचारलं, ज्या कॉलेजात ते कारकून होते तिथल्या जुन्या सहकाऱ्यानं तर माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आधीच विचारलं. खाटेवर, असं मी सांगायची. माणूस आधी श्वास सोडायचा आणि मग हळहळायचा. मी तरी वेगळी कुठे होते? नवरा गेल्याचं दुःख आहे, ते कुठे जात नाही. पण त्यांच्या गार कपाळावर हात ठेवला तेव्हा दुःखाच्याही आधी मला हायसं वाटलं होतं, हे आता दीडेक महिन्यानं सांगून टाकायला हरकत नाही.

"शामराव" असं मी लिहितेय खरी, पण जिवंतपणी हे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. मी "मंजूचे बाबा" म्हणायची, ते मला "मंजूची माय" म्हणायचे. मंजू व्हायच्या आधी काय म्हणत होतो ते आता आठवतही नाही, बहुधा "अवो" वरच भागत असावं. आणि मंजूच्याही आधी घरात आली होती ती त्यांची बुलेट. जुन्या पद्धतीची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. आमच्या गावात, सिहोऱ्यात, ती दुसऱ्या कोणाला चालवता येत नसे, आणि याचा शामरावांना कोण अभिमान. माझ्या भावानं एकदा हट्टाने घेतली. समोर बैल आडवा आला, यानं सवयीप्रमाणे उजवा पाय दाबला, ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडला आणि स्वारी सरळ तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगात. तणस धानाचं होतं म्हणून हाडं शाबूत राहिली. शामराव धावत गेले ते आधी गाडीकडे. भाऊ अजून ते विसरलेला नाही.

गाडी चालवण्यापेक्षा ती खोलण्यात त्यांचा जीव जास्त रमायचा. रविवारी सकाळी गजभिये सर आपली गाडी घेऊन यायचे. सर प्राथमिक शाळेत माझ्यासोबत शिकवायला होते, पण माझ्याशी त्यांचं बोलणं शाळेपुरतं, बाकी सगळी दोस्ती शामरावांशी. पडवीत पोती अंथरायची, त्यावर दोन्ही गाड्यांचे अवयव मांडायचे, आणि मग दुपारपर्यंत रॉकेलचा वास, काळे हात आणि माझ्या नावाने चहाच्या आरोळ्या. हे दोघे फार मोठे मिस्त्री होते असं कोणी समजू नये. जोडून झाल्यावर एखादा नट पोत्यावर उरायचाच. मग दोघं त्याच्याकडे बघत बसायचे. शेवटी शामराव म्हणायचे, कंपनीनंच जास्तीचा दिला असेल. सरही गंभीरपणे मान डोलवायचे. सोमवारी तुमसरच्या रस्त्यात गाडी बंद पडायची, आणि मंगळवारी ते तो नट खिशात घेऊन हिंडायचे.

खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी आवडायची. मी साडीत एका बाजूला बसायची, माझे पाय लोंबकळत राहायचे, तर त्यांनी तुमसरला नेऊन माझ्या पायांच्या मापाचं लोखंडी पायदान वेल्ड करून आणलं. माप घेताना मला पडवीतल्या स्टुलावर बसवलं होतं आणि शेजारणी दारातून हसत होत्या. धान कापून झालं की आम्ही चांदपूरच्या तलावाकडे जायचो, काही कारण नसताना. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, रिकामी झालेली असायची, वारा थंड असायचा, आणि बोलायचं काही असलं तरी त्या आवाजात ते ऐकू जात नसे. आमच्या संसारातलं बरंच भांडण त्या आवाजात विरून गेलं असावं.

अशाच एका फेरीत ते घडलं. आम्ही तलावाच्या नहराच्या, कालव्याच्या, बाजूने येत होतो. भरदुपार, लख्ख ऊन. डावीकडच्या पायवाटेवरून शाळेतली एक मुलगी सायकलवर येत होती, लाल ओढणी, मला तर ती कितीतरी लांबून दिसली. शामराव आता थांबतील, मग थांबतील, असं मी म्हणत राहिले, आणि ते थांबेचनात. मी ओरडले, त्यांची पाठ धरून ओढली. गाडी वेडीवाकडी होऊन उभी राहिली, मुलगी घाबरून सायकलसकट नहराच्या पाझरानं ओल्या बांधीतल्या चिखलात गेली. लागलं नव्हतं तिला, फक्त कपडे भरले. मी तिला उठवत होते आणि हे माझ्याकडे बघून विचारत होते, "हे पोट्टी आली कुठून?" ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि घरी येताच मंजूला फोन लावला.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरची नजर ठीक आहे, पण दोन्ही बाजूंची गेली आहे आणि गेलेली परत येत नाही, थेंब टाकत राहिलात तर उरलेली टिकेल. गाडी मात्र आजपासून बंद. शामरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आले, कपडे बदलले आणि गाडी काढली. मी फाटकात आडवी आले, तर म्हणाले, "मले समोरचं सब्बन दिसते. गाडी समोरच जाते ना? बाजूनं जाते का?" त्यांचं म्हणणं खरंच होतं, त्यांना समोरचं सगळं दिसत होतं. मंजूनं फोनवर आरडाओरडा करून पाहिला. मी किल्ली लपवली, तर त्यांनी तारेच्या तुकड्यानं गाडी सुरू केली, आणि वर आठवडाभर माझ्याशी अबोला. ते गाडी घेऊन गेले की मी दारात बसून राहायची. त्यांचं काय व्हायचं ते होईल, पण ती लाल ओढणीची मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. कोणाचं लेकरू यांच्या चाकाखाली आलं तर आम्ही गावात तोंड कसं दाखवायचं, आणि ते तरी जगणार कसे?

शेवटी मी गजभिये सरांच्या घरी गेले. सर म्हणाले, "मॅडम, त्याले चालवू नको म्हनसान तं तो चालवनच. पन बिघडली असन तं तो दिवसभर तिच्यापासून उठाचा नाई. बिघडवा तुमी." आणि नवऱ्याची गाडी बिघडवायची कशी, याचं शिक्षण मला त्याच्याच जिवलग दोस्तानं दिलं. प्लगच्या टोपीत मेणाचा थेंब टाकायचा. क्लचची तार अर्धा आटा सैल करायची. आणि सगळ्यात नामी म्हणजे इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण काढून, आत पॉइंटची जी दोन बारीक टोकं एकमेकांना लागतात, त्यांच्यामध्ये कागदाची चिंधी सरकवून द्यायची. ठिणगी पडत नाही, आणि कारण पटकन सापडत नाही. सारा जन्म मी पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पदराखाली स्क्रू ड्रायव्हर लपवून पडवीत जाऊ लागले. मला त्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाही. आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन.

सरांचा होरा बरोबर निघाला. शामराव सकाळी किक मारायचे, गाडी ढिम्म. की लगेच पोतं अंथरलं, पाने काढले, आणि स्वारी खूश. संध्याकाळी बिघाड सापडला की इतके आनंदात जेवायचे की दुसऱ्या दिवशी नवा बिघाड करताना मला सण करत असल्यासारखं वाटायचं. पावसाळा गेला, धान कापून झालं, एवढ्या काळात गाडी फाटकाबाहेर फार तर दोन-तीनदा गेली असेल, तीही चौकापर्यंत, आणि मी मागे बसलेली. एकदा मात्र ते पॉइंटमधली चिंधी बोटात धरून स्वयंपाकघराच्या दारात आले. कागद आमच्याच कॅलेंडरचा होता, मागच्या महिन्याचा. "हा कागूद कसा गेला असन तेथं?" मी भाकरी थापत राहिले. म्हटलं, उंदरानं नेला असेल. त्यांनी चिंधी उलटसुलट करून पाहिली. "असन," म्हणाले. "आपल्या घरचे उंदीर लय हुशार होऊन राहिले." आणि परत पडवीत गेले. मी तेव्हा सुटले म्हणून नुसता श्वास सोडला, त्यावर विचार केला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर करून टाकलं की आता गाडीचं इंजिनाचंच काम आहे, मोठं आहे, घाई करून होणार नाही. कुठला तरी पार्ट मिळत नाही म्हणाले. मी काहीच केलेलं नव्हतं. गाडी पडवीत स्टँडवर चढली ती कायमची. ते रोज तिच्याजवळ बसायचे, पुसायचे, काहीतरी खोलायचे आणि लावायचे, पण किक मारताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. चौकात पायी जाऊ लागले, रस्ता ओलांडताना माझा दंड धरू लागले. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटायचंही. पण मनात एक खुटखुट राहिली, की आपण काहीतरी चुकीचं सैल केलं आणि गाडी खरोखरच मोडली. अडाण्याचा हात तो! सरांनाही तीच धास्ती. आम्ही दोघे एकमेकांना विचारायचो, पण शामरावांना विचारायची हिंमत दोघांपैकी कोणाला झाली नाही. वर्षभर असं चाललं, पण आज ना उद्या ते गाडी जोडून रस्त्यावर काढतील ही भीती मला, मंजूला, सगळ्यांनाच होती. ते गेले तेव्हा मला हायसं वाटलं, आणि ही खुटखुट तशीच राहून गेली. माणसाची आवडती गोष्ट आपण फसवून काढून घेतली, आणि त्याला ते कळलंही नाही, असं मला वाटत होतं.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले. मंजू राहिली होती. गाडीचं काय करायचं असा विषय निघाला तेव्हा मंजू म्हणाली, आधी तुमसरला टेम्पोत टाकून नेऊ, मिस्त्रीला दाखवू. भेटायला आलेले गजभिये सर उठले, म्हणाले, बघू तर खरं काय झालंय. त्यांनी पेट्रोलची चावी फिरवली, लिव्हर दाबून दिव्याजवळच्या मीटरचा काटा मधोमध आणला आणि किक मारली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. पडवीचे पत्रे थरथरले. सर हँडल धरून तसेच उभे राहिले, मंजू माझ्याकडे बघायला लागली. वर्षभर बंद असलेली गाडी अशी सुरू होत नाही, एवढं आता मलाही कळत होतं.

आवाज ऐकून शेजारची सुनंदा कुंपणाशी आली. आमची तोंडं बघून तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "काकू, तुमाले नाई मालूम? काका तं दर बाजारच्या दिवशी चालू करत. तुमी पिशवी घेऊन वळणावर गेल्या का लगेच. स्टँडवरच. वर बसत, जरा वेळ आवाज आयकत, मंग बंद करून पुसून ठेवत."

आमच्याकडचा आठवडी बाजार गावाच्या दुसऱ्या टोकाला भरतो. तिथे आवाज येत नाही.

मंजूनं विचारलं, मग कधी बाहेर नाही का काढली? सुनंदा म्हणाली, "मी म्हटलं होतं एकदा, काका, बसले हाव तं मारून या ना एक चक्कर. तं म्हने, नाई बाई. मंजूची माय बाजारातून येऊन राहिली असन. बाजूनं आली तं मले दिसाची नाई."

सरांनी गाडी बंद केली आणि चष्मा काढून पुसत बसले. मी रडले, पोटभर रडले, तेराव्यापर्यंत रडले नव्हते इतकी. पण त्या रडण्यात माझ्या जिवावरचं केवढं तरी ओझं उतरलं. मी काही मोडलं नव्हतं. मी काही काढूनही घेतलं नव्हतं. त्यांनी स्वतःच ठेवून दिलं होतं, आणि मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी जिंकल्यासारखं झालं असतं. एवढा ताठा त्यांना होताच.

गाडी विकायची नाही असं मी मंजूला सांगितलं आहे. बाकी सगळं आता रुळावर येतंय. बाजाराला मात्र मला हल्ली उशीर लागतो. भाजी घेऊन झाली तरी मी लगेच निघत नाही. ओळखीच्या बायकांशी बोलत उभी राहते, घ्यायची नसलेली वांगी हातात घेऊन बघते... थोडा वेळ जाऊ देते, आणि मग घराकडे निघते.