लांबी आणि रुंदी

मेघा गजभियेला रक्त पाहवत नसे. बीएस्सीला बेडूक फाडताना भोवळ येऊन पडलेली ही मुलगी, आणि गेली अकरा वर्षं पोट भरत होती अमेरिकेतल्या लोकांच्या जखमांवर! मेडिकल कोडिंग म्हणतात त्याला. तिकडचा डॉक्टर जखमेचं काय केलं ते लिहितो. मेघा नागपुरात बसून ते वाचते आणि विमा कंपनीला कळेल असा आकड्यांचा कोड लावते. कातडी लावली असेल तर किती चौरस सेंटिमीटर. जखम खरवडली असेल तर किती खोल, मांसापर्यंत की हाडापर्यंत. खोली लिहिलेली नसली की ती कागद परत पाठवी. अंदाज करायचा नाही, हा धंद्याचा नियम. ऑफिसात तिला खडूस म्हणत ते उगाच नाही.

तिचे वडील देवाजी कन्हानला एकटेच राहत. कोळसा खाणीतून निवृत्त, साखरेचे जुने दुखणेकरी. नवी चप्पल टाचेला लागली आणि जखम झाली. मधुसूदन कंपाउंडर घरी येऊन पट्टी बदलून जाई.

मेघा भेटायला गेली तेव्हा देवाजी म्हणाले, "पट्टी सोडून दाखवू काय वं?"

"नको बाबा, मले नाही पाहवत."

"वा! अमेरिकेच्या जखमा चालतात, बापाची नाही चालत!"

"त्या कागदावर असतात ना."

मग तिने त्यांना टेप दिली. दर रविवारी मोजायचं आणि फोनवर सांगायचं. फोटो कुठून येणार, फोन बटणांचा. पण खाणीत सर्व्हेच्या साखळ्या ओढण्यात हयात गेलेला माणूस तो, मापात चुकणार नाही.

"तीन बाय अडीच सेंटिमीटर." पुढच्या रविवारी, "अडीच बाय दोन. कमी होऊन राहिली वं!"

"दुखतं काय?"

"काहीच नाही."

कन्हान काही सातासमुद्रापार नाही. नागपुरात हुडकेश्वरच्या तिच्या घरून फार तर दीड तास. पण माप उतरतंय म्हटल्यावर धावत कशाला जायचं?

आठव्या रविवारी "एक बाय एक" झालं. मंगळवारी देवाजी तापाने फणफणले. शेजाऱ्यांनी नागपूरला आणून दवाखान्यात भरती केलं.

"वरून तोंड मिटत आलं, आत पोकळ," सर्जन म्हणाले. "पू हाडात गेलाय."

"कातडी लावून नाही भागणार?" मेघाने विचारलं.

"खाली जिवंत काही हवं ना, बाई. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

आठ रविवार तिने लांबी विचारली, रुंदी विचारली. खोली एकदाही नाही. परक्या माणसाचा कागद तिने खोलीवाचून कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी देवाजी नीट बोलू लागले. पहिला प्रश्न हाच.

"माझं मोजण्यात चुकलं काय वं?"

"नाही बाबा. तुमचं बरोबर होतं."

"मंग टेप खराब असन."

"चांगली होती टेप."

देवाजींनी मान तिच्याकडे वळवली.

"म्हणजे मधुसूदनचंच चुकलं. रोज येऊन पट्टी सोडे, पण धड पाह्यलंच नाही त्यानं. त्याले आता उंबऱ्यात नाही उभा करत मी. होय ना वं?"

आपण खोली विचारलीच नाही, हे बोलायची वेळ तीच होती. मेघाने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"हो बाबा," ती म्हणाली.