थोरला पुढं की धाकटा?

“थोरला पुढं की धाकटा?” नवी टेप हातात आली की तिचा पहिला प्रश्न हाच. विचारताना दोन बोटं वर करायची आणि उत्तर मिळेपर्यंत खाली घ्यायची नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा संगणक कचेरीत आम्ही दोघं कामाला होतो. दुसऱ्यांच्या टेपा यायच्या, आम्ही त्यांवरचे आकडे वाचून अहवाल छापून द्यायचो. टेपवर मोठा आकडा दोन तुकड्यांत साठवलेला असे: थोरल्यात दोनशे छपन्नचे गठ्ठे, धाकट्यात उरलेले सुटे. काही यंत्रं थोरला तुकडा आधी लिहीत, काही धाकटा. ते न विचारता वाचलं, तर तेवीसचे बत्तीस व्हावेत तसा घोळ व्हायचा.

ती खारदांड्याची. आई मासळी विकायची. डब्यातल्या सुक्या जवळ्याचा वास मशीनच्या खोलीत पसरला की साहेब नाक मुरडत. “साहेब, एसी मशीनसाठी आहे ना? मग मशीनला विचारा, वास येतो का,” ती म्हणायची. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे साहेबच आधी हसून मोकळे होतात.

एकदा गोवंडीकडच्या एका कारखान्याचं काम आलं. पावडरीच्या खात्यातल्या कामगारांची छाती तपासली होती. एका दमात किती हवा बाहेर टाकली, त्याचे आकडे मिलीलिटरमध्ये. अठ्ठावीसशेच्या खाली असेल त्याला धुळीतून काढायचं होतं. काम माझ्याकडे होतं. पहिल्याच कागदावर कुणाच्या छातीत सत्तेचाळीस लिटर हवा! आम्ही पोट धरून हसलो.

“थोरला पुढं की धाकटा, बघितलंस ना रे?”

“बघितलं गं. केलं बरोबर.”

बरोबर केलं नव्हतं. जो आकडा अशक्य दिसेल तेवढाच उलटायचा, अशी एक ओळ मी घाईत घातली होती. जे आकडे उलटे असूनही खरे वाटत होते, ते तसेच राहिले. अहवाल गेला.

चार महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. ती टेप तिच्याकडे आली. तिनं सगळे आकडे सरसकट उलटले आणि जुन्या अहवालाशी ताडून पाहिले. अकरा जणांचा दम एकदम घटलेला दिसला. तिनं कपाटातून जुनी टेप काढली, माझा प्रोग्रॅम काढला आणि दुपारभर दोन्ही ताडत बसली. मग माझ्या टेबलावर कागद ठेवला. एका नावापुढे छापलं होतं ३०८२. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं २५७२: बारा गठ्ठे दहा सुटे नव्हे, दहा गठ्ठे बारा सुटे.

साहेब म्हणाले, “नवा अहवाल बरोबर आहे ना? मग झालं. जुनं उकरू नका.”

“साहेब, चार महिने ही माणसं धुळीत होती.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती कारखान्यात गेली. मी बरोबर गेलो आणि फाटकाशीच उभा राहिलो. आत जाऊन तिनं सांगितलं, “आमच्या कचेरीची चूक झाली.” माझं नाव घेतलं नाही. अकरा जणांना त्याच आठवड्यात पावडरीतून काढलं. दहा जण सावरले. २५७२वाला, मालवणकडचा एक पन्नाशीचा माणूस, तोवर खाटेला लागला होता. ती त्याच्या खोलीवर गेली तेव्हा तो तिला म्हणाला, “माका दम लागता, मी सांगी होतंय. सायब म्हणी, कागदार तू बरो आसस.” हे तिनं मला नंतर सांगितलं.

कारखान्यानं काम काढून घेतलं. साहेबांनी तिला बोलावलं. “तुला तिथं कुणी पाठवलं होतं?” दार उघडं होतं. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. उठून आत जाऊन चार शब्द बोलायचे, एवढंच होतं. मी टेपच्या चाकावरची धूळ पुसत बसलो. महिनाअखेर तिची नोकरी गेली.

दर रविवारी ती त्या माणसाकडे जायची, हे मला जाताना तिनंच सांगितलं. तिला हैदराबादला काम मिळालं होतं. त्याच्या खोलीचा पत्ता माझ्या हातात ठेवून म्हणाली, “आता तू जा.” रागावली असती तर बरं झालं असतं.

मला जायला तीन आठवडे लागले. खोली अरुंद होती, बायको दारात तांदूळ निवडत होती. तो उशांना टेकून बसला होता. मी मोसंबी ठेवली. तो माझ्या मागे दाराकडे पाहत राहिला.

“बाय सांगान गेली, एक जण येतलो म्हणान. तीन आयतवार झाले.”

मी सांगून टाकलं. ती ओळ माझी होती, तिची नव्हती. तिनं विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो. त्याला खोकल्याची उबळ आली. बायकोनं उठून पाठ चोळली. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला. वाटलं, आता बोलेल मला.

“बायचा पत्र इला काय रे तुका?” त्यानं विचारलं.

आलं नव्हतं.